गॉथिक म्हणजे भयकथाच का?

प्रश्न असा आहे : ‘गॉथिक कादंबरी’ला मराठीत सरळ ‘भयकादंबरी’ म्हटलं तर काय बिघडलं? आणि मुंबईच्या सीएसएमटीलाही गॉथिक म्हणतात, तिथे कुठलं भूत?

आधी सीएसएमटी, कारण हा शब्द साहित्यात आला तो इमारतींकडूनच. गॉथ म्हणजे जर्मानिक टोळ्या. त्यांच्यातल्या व्हिसिगॉथांनी इ.स. ४१० मध्ये रोम लुटलं. पुढे प्रबोधनकाळातल्या इटालियनांनी टोकदार कमानींच्या मध्ययुगीन चर्चना ‘गॉथिक’, म्हणजे रानटी, म्हणून नावं ठेवली. गॉथांचा त्या बांधकामाशी काडीचा संबंध नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. सीएसएमटी त्याच थाटाची, म्हणून तीही गॉथिक.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये याच शिवीला भाव आला. होरेस वॉलपोलने ट्विकनमचं आपलं घर हौसेने त्या थाटात बांधून घेतलं आणि १७६४ च्या अखेरीस ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी छापली. तीही १५२९ च्या एका इटालियन पुस्तकाचा अनुवाद आहे अशी थाप मारून! दुसऱ्या आवृत्तीत थाप कबूल केली आणि उपशीर्षक जोडलं, ‘अ गॉथिक स्टोरी’. तिथे अर्थ साधारण ‘मध्ययुगीन’ एवढाच. भीती त्या शब्दात मागाहून शिरली. गोष्टीत ऐन लग्नाच्या दिवशी नवरदेव एका अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. पणजोबाने विष घालून बळकावलेली गादी, त्या पापाचं माप या पणतवाच्या पदरात.

गॉथिकचं मर्म इथे आहे. मागच्या पिढीचं पाप आणि ते जपून ठेवणारी वास्तू. भुयारं, कोंडलेली नायिका, वारशाचे घोळ हे सगळं त्याच्याच मागोमाग येतं. भूत असलं तर असलं. अ‍ॅन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’त (१७९४) खरं भूत एकही नाही. नायिका एमिलीच्या इस्टेटीवर डोळा ठेवून तिचे आतोबाच तिला किल्ल्यात अडकवतात. तिथे काळ्या पडद्यामागे काहीतरी पाहून ती बेशुद्ध पडते, आणि लेखिका आपल्याला शेकडो पानं ताटकळत ठेवून शेवटी सांगते : मेणाचा पुतळा होता! मला हा चक्क अन्याय वाटतो, पण कादंबरी शंभर टक्के गॉथिक.

म्हणून ‘गॉथिक’ हाच शब्द ठेवावा. उलट, आपल्या भयकथेतला प्रत्येक पडका वाडाही गॉथिक नव्हे. वाड्याच्या जागी टू बीएचके फ्लॅट ठेवून गोष्ट तशीच चालत असेल, तर तिला खुशाल भयकथा म्हणा.