वडील धूम्रपानामुळे गेले, तरीही माझी सिगारेट सुटत नाही. काय करावे?

वडील गेल्यापासून सिगारेट कमी होण्याऐवजी वाढली आणि त्याची लाज वाटते, असे आपण लिहिले आहे. मी याच अवस्थेतून गेलो आहे, म्हणून लिहितो.

माझे वडील बिडी ओढत. बिडी सारखी विझते, त्यामुळे ती पेटती ठेवायला सिगारेटपेक्षा अधिक झुरके घ्यावे लागतात. शेवटची दोन वर्षे सीओपीडीमुळे, म्हणजे श्वास कोंडणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजारामुळे, त्यांना आडवे होता येत नसे. समोरच्या स्टुलावर दोन उशा रचून, त्यांवर कपाळ टेकवून ते रात्र काढत. ठिणग्यांनी पायजम्याला पडलेली बारीक भोके आई तेव्हाही रफू करीत असे. पुढे थोरला भाऊ 46व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. तोही रोज पाकीटभर सिगारेट ओढत असे. त्याला अग्नी देऊन परतताना मी स्मशानाबाहेरच्या टपरीवर थांबलो आणि लागोपाठ दोन सिगारेटी ओढल्या.

घरातले मरण पाहून व्यसन आपोआप सुटेल, ही माझी समजूत तिथेच संपली. प्रत्येक त्रासावर वर्षानुवर्षे सिगारेट हाच उतारा केला असेल, तर सर्वांत मोठ्या दुःखात हात तिकडेच जातो. ‘बापाकडे बघून तरी शहाणा हो’ असे सांगणाऱ्या नातेवाइकांचा मला आजही राग येतो, कारण त्या वाक्यानंतर मी हमखास बाहेर जाऊन सिगारेट पेटवत असे.

केवळ निर्धाराच्या बळावर मी दोनदा सोडली. पहिल्यांदा 11 दिवस टिकलो, दुसऱ्यांदा चार महिने, आणि भावाच्या वर्षश्राद्धाला पुन्हा सुरू केली. तिसऱ्यांदा मात्र डॉक्टरांकडे गेलो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागते का, एवढेच त्यांनी आधी विचारले. लागत असल्यामुळे 4 मिलिग्रॅमचे निकोटीन गम दिले, नाहीतर 2 मिलिग्रॅमचे पुरते. ते मी आधी साध्या च्युइंगगमसारखे चघळले आणि उचक्यांनी हैराण झालो. ते सावकाश चावून, तोंडात चुरचुर जाणवताच गालात धरून ठेवायचे असते, आणि त्या वेळी चहा-कॉफी टाळायची असते. पहिले तीन दिवस फार कठीण गेले, चिडचिड आणि मोडलेली झोप तीन आठवडे राहिली. मात्र तलफेची एकेक लाट काही मिनिटांत ओसरते, हे एकदा अनुभवाला आले की धीर येतो.

सिगारेटच्या पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा क्रमांक मोफत आहे. तेथील समुपदेशक सोडण्याचा दिवस ठरवून देतात आणि नंतरही फोन करून विचारपूस करतात. तो दिवस ठरवताना वडिलांचे वर्षश्राद्ध कधी येते तेही त्यांना सांगा, आणि त्या दिवशी कोणाला तरी सोबत ठेवा. मी दरवर्षी त्या दिवशी बहिणीकडे राहायला जातो.