पहिला काढा पातळच ठेवा
कोल्हापुरी चपलेचे कातडे कमावताना बाभळीच्या सालीबरोबर हिरडा का घालतात, हे आधी समजून घ्या. दोन्हींच्या काढ्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यातील कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंना हायड्रोजन बंधांनी जखडते. शिवाय हिरड्यातील शर्करा आंबून द्रावण सौम्य आम्लधर्मी ठेवते, ही गोष्ट नवशिक्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. सुरुवातीलाच दाट काढा वापरला, तर पृष्ठभागावरचे तंतू लगेच आवळले जातात, आतला थर कच्चा राहतो आणि वाळल्यावर शिंगासारखा कडक होतो. म्हणून काढ्याचा कस टप्प्याटप्प्याने वाढवावा. कडेला छेद देऊन मध्यापर्यंत रंग एकसारखा दिसेपर्यंत थांबा. लोखंडी भांडे मात्र वापरू नका (मी एकदा वापरले होते), कारण लोहाशी टॅनिनचा संयोग होऊन पडणारे काळेनिळे डाग सहजी निघत नाहीत.