बाबांना काय झालंय ते बाबांना सांगा

"प्रिय काकू, बाबांचा पेट स्कॅन आला. स्मॉल सेल निघाला, लिव्हरपर्यंत पोचलाय. दादानं त्यांना 'निमोनिया बिघडलाय' एवढंच सांगितलं आहे आणि मलाही तशी ताकीद दिलीय. रोज व्हिडिओ कॉलवर मी हसते. फोन ठेवला की बाथरूममध्ये जाऊन रडते."

न्यू जर्सीच्या मेघाचं (नाव बदललं आहे) पत्र असं सुरू होतं. स्मॉल सेल म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. पुढे दोन पानं प्रश्न आहेत. बाबांना नागपूरहून अमेरिकेत आणावं का, रिपोर्ट इथल्या डॉक्टरांना दाखवावेत का, इम्युनोथेरपीसाठी बेसा रोडचा प्लॉट विकावा का, आत्ता जावं की नाताळच्या सुट्टीत, मुलांना न्यावं का. बाबांना सांगावं की नाही, हे मात्र तिनं कुठंच विचारलेलं नाही. ते घरात ठरून गेलंय, असं ती धरून चालली आहे. मेघा, मी आज त्याबद्दलच बोलणार आहे. बाकीचं शेवटी, थोडक्यात.

रात्री अडीचला फोनवर नागपूरचा नंबर दिसला की पोटात गोळा येतो, तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तुला जवळ घ्यावंसं वाटलं पत्र वाचून. पण जरा रागावणारही आहे.

तू लिहितेस, "तपासण्यांसाठी बाबांना जामठ्याला नेतात." अगं, जामठ्याला कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, तिथं नेलं म्हटलं की नागपुरात कुणी 'कशासाठी' असं विचारत नाही. तुकडोजी चौकातल्या कॅन्सर हॉस्पिटलात नेलं असतं तरी तेच. पाटीवर नाव लिहिलेलं आहे, शेजारच्या खुर्चीवर केस गेलेला माणूस बसलेला आहे. तुझे बाबा छत्तीस वर्षं पोस्टात होते. ज्या माणसाचा जन्म पत्ते वाचण्यात गेला त्याला ती पाटी दिसली नसेल असं तुम्हा दोघा भावंडांना खरंच वाटतं? आणि केमोला दादा 'पॉवरची सलाईन' म्हणतो, असं तूच लिहिलंस. या केमोत इटोपोसाइड नावाचं औषध असतं. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर केस दिसायला लागतात. त्या सकाळी बाबांना काय सांगणार? निमोनियानं केस जातात म्हणून?

दादाचं म्हणणं तू एका ओळीत दिलंयस. "त्यांना कळलं तर ते हातपाय गाळतील." हे वाक्य मला पाठ आहे, कारण 2011 मध्ये आमच्या घरी ते मीच म्हटलं होतं. आईच्या छातीत पाणी झालं होतं. ते कशामुळे झालं ते आम्हा तिघा भावंडांना ठाऊक होतं आणि आम्ही तिला 'पाणी काढलं की बरं वाटेल' एवढंच सांगत होतो. मी कॅनडातल्या मिसिसागाहून सुट्टी काढून प्रतापनगरच्या घरी गेले होते. फाइल गोदरेजच्या कपाटात, शालूच्या घडीखाली. डॉक्टरांना खोलीबाहेर गाठून बोलायचं. आई आत येताना दिसली की कुणीतरी पोह्यांचा विषय काढायचं. पाच आठवडे आम्ही हे नाटक केलं, आणि तिनं एकदाही काही विचारलं नाही. मला वाटलं, जमलं आपल्याला.

तेराव्यानंतर आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी माझ्यापाशी बसल्या. म्हणाल्या, "ताई, बाईंनी ती हिरवी इरकल तुमच्यासाठी ठेवायला सांगितली होती. अन् म्हणे मले घरीच ठेवा, दवाखान्यात नको. तुम्ही तर नेऊन राहिले होते." मी विचारलं, तुम्हाला कधी म्हणाली? "रोजच म्हणे. दुपारी तुम्ही झोपल्या की ओट्यापाशी खुर्ची ओढून बसायच्या अन् बोलायच्या. पोरांना सांगू नको म्हणे, त्यांना सहन होणार नाही."

आईला पहिल्या आठवड्यापासून सगळं माहीत होतं. मरणाबद्दल तिला बोलायचं होतं आणि घरात त्यासाठी एकच माणूस मोकळं होतं, जे अर्धा तास येऊन भांडी घासून जात होतं. शेवटचे चार दिवस तिनं आयसीयूत काढले, तिला नको होतं तिथंच. आम्ही कधी विचारलंच नाही, कारण विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. ती इरकल माझ्याकडे आहे. मी अजून नेसलेली नाही.

म्हणून मेघा, बाबा काही विचारत नाहीत याचा अर्थ त्यांना माहीत नाही असा लावू नकोस. ते कदाचित तुम्हाला सांभाळून घेतायत.

घाई करायला सांगते आहे ती या आजाराच्या चालीमुळे. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हा प्रकार शंभरात साधारण पंधरा जणांना होतो, पण तो झपाट्यानं वाढतो, आणि सापडतो तेव्हा बहुतेकांमध्ये पसरलेला असतो. केमोला तो सुरुवातीला चांगली दाद देतो. दोन-तीन सायकलमध्ये दम कमी होतो, तोंडाला चव येते, माणूस सकाळी फाटकापर्यंत चालत जातो. तेव्हा घरात सगळे म्हणतील, बघा, सांगितलं नाही तेच बरं झालं. बहुतेकांचा आजार काही महिन्यांत परततो. तो मेंदूत जाऊ शकतो. शिवाय या प्रकारात रक्तातलं सोडियम घसरू शकतं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागतो. (बाबा अचानक बरळायला लागले तर 'वय झालं' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी सोडियम तपासा. ते पुष्कळदा सुधारता येतं.) बाबांचं डोकं आज स्वच्छ आहे. हे दिवस निमोनियाच्या गोष्टीत घालवायचे का?

आता तो प्लॉट. तो कुणाच्या नावावर आहे? बाबांच्या. म्हणजे रजिस्ट्रीला त्यांनाच नेणार, सही त्यांचीच घेणार आणि कशासाठी विकतोय ते सांगणार नाही? पसरलेल्या स्मॉल सेलमध्ये केमोबरोबर अ‍ॅटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं, औषध देण्याची चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात निम्मे रुग्ण किती काळ जगले, तो आकडा 10.3 महिन्यांवरून 12.3 महिन्यांवर गेला. काहींना त्याहून बराच जास्त काळ मिळाला. दोन महिने म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, आईच्या वेळी दोन महिन्यांसाठी मी काहीही दिलं असतं. पण पोस्टाच्या पगारातून हप्ते फेडून घेतलेली ती जमीन आहे. ती त्या महिन्यांसाठी द्यायची की तुझ्या आईसाठी ठेवायची, हे ठरवायचा पहिला हक्क कुणाचा? कायदाही हेच सांगतो. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती त्याचीच हवी, घरच्यांची चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्येच स्पष्ट केलंय. शेवटी व्हेंटिलेटर नको असेल तर तसं आधी लिहून ठेवायची सोय 2018 च्या निकालानं दिली आणि 2023 मध्ये ती सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. पण हे लिहायला माणसाला आपल्याला काय झालंय ते कळायला तर हवं.

कसं सांगायचं? आधी विचारायचं. आई शेजारी असावी, टीव्ही बंद, दुपारचं जेवण होऊन बाबा जरा टेकलेले. दादानं एवढंच म्हणावं, "बाबा, आपल्याला काय झालंय असं तुम्हाला वाटून राहिलं?" आणि गप्प बसावं. गप्प बसणं फार अवघड जातं, तरी बसावं. बहुतेक तेच बोलतील. नाही बोलले तर दुसरा प्रश्न, "डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकायचंय, की थोडं थोडं?" ते म्हणाले, "मले नको सांगू, तूच पाहा," तर तो त्यांचा निर्णय, तो पाळा. ऐकायचं म्हणाले तर 'कॅन्सर' हा शब्द एकदा स्वच्छ उच्चारा. 'गाठ', 'इन्फेक्शन', 'थोडं वेगळं' असले शब्द मध्ये आणू नका. महिन्यांचे आकडे त्यांनी विचारल्याशिवाय काढू नका. ते रडतील, चिडतील, दोन दिवस जेवणार नाहीत. त्याला हातपाय गाळणं म्हणत नाहीत. आमच्या धाकट्या काकांना आईनंतर चार वर्षांनी कॅन्सरच झाला तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. सांगितल्यावर ते एक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी उठून बँकेची पासबुकं मागितली, आणि संध्याकाळी फुटाळा तलावावर घेऊन चल म्हणाले. आम्ही मक्याचं कणीस खात बसलो आणि ते तासभर त्यांच्या पहिल्या नोकरीबद्दल बोलत होते.

आणि एक, दादाच्या पाठीमागून व्हिडिओ कॉलवर तू सांगून टाकू नकोस. तू फोन ठेवून बाजूला होशील, रात्रभर उशाशी बसायचं आहे ते दादा-वहिनींना.

बाकीचं पटकन. अमेरिकेत आणू नकोस. इतक्या लांबचा प्रवास आणि इन्शुरन्सचा गोंधळ कशासाठी? केमोची मुख्य दोन औषधं नागपुरातही तीच मिळतात. दुसरं मत मुंबईच्या टाटा मेमोरियलचं घ्या, पण त्यापायी केमो लांबवू नका. सिगारेटचा हिशोब आता कुणी काढायचा नाही, आईनंही नाही. दुखणं आणि दम यासाठी डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवलं तर 'शेवटचं औषध' म्हणून घाबरू नका. नाताळची वाट पाहू नकोस, तिकीट आत्ता काढ. मुलांना ने, त्यांनाही खरं सांगून ने. फक्त कुणाला सर्दी असेल तर बाबांपासून लांब ठेव, केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात.

तुझ्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे नागपुरात सकाळचे साडेसहा-साडेसात. दादा तेव्हा डबा घेऊन निघायच्या गडबडीत असेल, त्याला रविवारी निवांत गाठ. वहिनीला मात्र उद्याच फोन कर. बाबांचं पाणी, गोळ्या, अंघोळ सगळं तीच करते असं तूच लिहिलंयस. बाबा तिच्यापाशी काय बोलतात, ते आधी तिला विचार.