लाकातों-वासाल या फ्रेंच आर्किटेक्ट जोडीला २०२१ चं प्रित्झ्कर, म्हणजे वास्तुकलेतलं सर्वात मानाचं समजलं जाणारं पारितोषिक मिळालं, पण त्यांच्या कामात एवढं वेगळं काय आहे?

थोडक्यात: उभी इमारत पाडायची नाही, तिच्यात भर घालायची.

फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या ग्राँ पार्क वसाहतीतल्या तीन इमारतींत ५३० घरं. यांनी छोट्या खिडक्या काढून सरकती काचेची दारं बसवली आणि बाहेरून नवा सांगाडा उभारून ऐसपैस गॅलऱ्या जोडल्या. काम चालू असताना रहिवासी तिथेच राहत होते. गॅलरीला पॉलिकार्बोनेटचे (उजेड आत येऊ देणाऱ्या प्लास्टिकचे) सरकते पत्रे. थंडीत उन्हानं ती तापते, हीटिंगचा खर्च वाचतो. फोटोत हे सगळं साधंच दिसतं, देखणेपणा शोधायला जाऊ नका.

मला मात्र १९९६ चा किस्सा जास्त आवडतो. बोर्दोतल्याच एका चौकाचं सुशोभीकरण करायचं होतं. यांनी सांगितलं, चौक छानच आहे. खडी बदला, साफसफाई वाढवा, झाडांची निगा राखा. बस्स!