लूना घ्यायची आहे? आधी आर.सी. बुक मागा

जुन्या दुचाक्यांबद्दल वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : सर, मी कराडला राहते. वय २६, पतसंस्थेत नोकरी. आमच्या ओळखीच्या एका वाड्यात जिन्याखाली १९८६ सालची लूना मोपेड कित्येक वर्षं उभी आहे. मालक आजोबा वारले. त्यांचा मुलगा म्हणतो, "घेऊन जा, पैशाचं बघू." पॅडल अजिबात फिरत नाही. टाकीत काय आहे देव जाणे. आमचा मेकॅनिक म्हणतो की आधी मस्त रंग मारून घेऊ, मग इंजिनाचं बघू. मला पाना-पकड धरता येते, त्यापलीकडे काही येत नाही. ही गाडी घ्यावी का? सुरुवात कुठून करू? आणि तिला 'व्हिंटेज'चा नंबर मिळेल का?

उत्तर : घ्यावी, पण एका अटीवर. आर.सी. बुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. "कागद कुठंतरी असतील, नंतर देतो" या वाक्यावर गाडी उचललेली माणसं मी फार पाहिली आहेत. इंजिन पुन्हा बांधता येतं, पत्रा ठोकून सरळ करता येतो. नसलेलं आर.सी. बुक मात्र कुठलाही मिस्त्री बनवून देत नाही.

बुक मिळालं की चासी (सांगाड्यावरचा) नंबर आणि इंजिन नंबर स्वतः जुळवा. नंबरावर ग्रीस आणि धुळीचा थर असेल. चिंधीला रॉकेल लावून तो पुसा. पत्रा घासू नका, आकडे उथळ असतात. मग त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवा, नंबर कागदावर उमटतो. आरटीओतही असाच छाप घेतात. एक आकडा जरी जुळत नसेल तर तिथेच नमस्कार करून निघा.

मालक वारलेले असल्यामुळे तुमचं काम एका पायरीने वाढतं. आधी वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी. त्यासाठी नमुना ३१, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागते. मग वारसाकडून तुमच्या नावावर, नमुना २९ आणि ३०. नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते, म्हणजे ती केव्हाच संपली आहे. नूतनीकरणाला नमुना २५, गाडीची तपासणी आणि पर्यावरण कर. हे पुढे दर पाच वर्षांनी. तपासणीला गाडी चालू लागते, म्हणून कागदाचा हा भाग इंजिन झाल्यावर करा. आधी फक्त एवढी खात्री करून घ्या की गाडीचा नंबर आरटीओच्या संगणकात आहे. १९८६ ची गाडी म्हणजे एमएच मालिका सुरू होण्याआधीचा नंबर, आणि असे बरेच नंबर जुन्या रजिस्टरातच राहून गेले आहेत. तसं असेल तर 'बॅकलॉग एंट्री'साठी, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवण्यासाठी, अर्ज करावा लागतो. नवी सुरक्षा नंबरप्लेटही त्या नोंदीशिवाय मिळत नाही.

व्हिंटेज नंबराचं मनातून काढून टाका. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच तो मिळतो. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, आणि इतकं करून गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. लूना पहिल्यांदा आली १९७२ साली, म्हणजे अगदी सुरुवातीच्या गाड्याच आता कुठे या वयाच्या झाल्या आहेत. तुमची नाही. आणि एका अर्थी ते बरंच आहे, कारण तुम्हाला ती पतसंस्थेत घेऊन जाता येईल.

आता मेकॅनिकच्या सल्ल्याबद्दल. रंग सगळ्यात शेवटी. नव्या रंगाच्या गाडीचं इंजिन तीनदा उतरवायचं म्हणजे तीनदा ओरखडे, त्यावर पेट्रोलचे ओघळ, आणि पुन्हा रंगाचा खर्च. शिवाय रंगाखाली काय दडवलंय ते कळत नाही. गंजलेली, न रंगवलेली गाडी खरं बोलते. नवख्या माणसाला मी नेहमी हेच सांगतो की कुरूप पण पूर्ण गाडी घ्या. साइड कव्हर, चेनकव्हर, पॅडलच्या दांड्या, मूळ कार्बोरेटर, दिव्याची खोबण हे सगळं जागेवर असेल तर निम्मं काम झालं. आज इंजिनाचे भाग मिळतात, बाहेरचे पत्रे मिळत नाहीत.

पॅडल का फिरत नाही ते आता शोधू. गंजून कडक झालेली चेनही पॅडल धरून ठेवते आणि सिलिंडरमध्ये चिकटलेला पिस्टनही. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून हे घासाघीस करण्याआधी बघा. प्लग काढा. मॅग्नेटचं (इंजिनाच्या बाजूला फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाचं) झाकण काढा आणि मॅग्नेट हाताने फिरवून पाहा. फिरला तर दोष चेनचा किंवा पॅडलच्या बेअरिंगचा. नाही फिरला तर पिस्टन जाम आहे.

जाम पिस्टनला घाबरू नका. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून प्लगच्या भोकातून ओता. सिलिंडर आडवा असेल तर भोक वरच्या बाजूला येईल अशी गाडी कलती करून भिंतीला टेकवा, नाहीतर तेल एकाच बाजूला साचतं. आठवडाभर मुरू द्या, कमी झालं की भर घाला. मग मॅग्नेटच्या नटावर पाना लावून हलक्या हाताने पुढे-मागे करा. केसभर हलला तरी जिंकलात. थांबा, पुन्हा तेल, पुन्हा उद्या. कुणी सांगेल की हातोडी मारा, गाडी उतारावर ढकला. ऐकू नका. त्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पन्नास सीसीचं साधं इंजिन महाग होऊन बसतं.

पिस्टन सुटल्यावर हेड आणि सिलिंडर उतरवा. उतरवण्याआधी प्रत्येक बाजूने मोबाइलवर फोटो काढा, आणि प्रत्येक जागचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत चिठ्ठी घालून ठेवा. सिलिंडरच्या आत बोटाचं नख वरून खाली फिरवा. नख कुठे अडकलं नाही तर पिस्टनच्या नव्या रिंगांवर भागेल. अडकलं तर रिबोअर (सिलिंडर आतून थोडा मोठा कातणं) आणि पुढच्या मापाचा पिस्टन. तुम्हाला त्यासाठी लांब जायला नको, कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ आहे. लेथवर ज्यांच्या पिढ्या गेल्या ते लोक तिथे आहेत. पिस्टन आधी विकत घेऊन सोबत न्या, बोअर त्या पिस्टनच्या मापाने होतो. बसवताना पिस्टनच्या डोक्यावरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, आणि रिंगांची तोंडं खाचेतल्या बारीक पिनांवरच आली पाहिजेत. टू-स्ट्रोकमध्ये हे चुकलं तर रिंग पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत) अडकून तुटते.

इंजिन उघडलंच आहे तर क्रँकचे दोन्ही ऑइल सील बदला, चांगले दिसले तरी. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत रबर कडक होतं, तिथून हवा ओढली जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि नवा पिस्टन पुन्हा जाम. सीलची किंमत किरकोळ आहे. सायलेन्सर आणि सिलिंडरचं एक्झॉस्ट पोर्ट यांतला कार्बनही याच वेळी काढा. पोर्ट खरवडायला लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, स्क्रूड्रायव्हर नको.

करंटसाठी मॅग्नेटच्या आत सीबी पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा स्विच) आणि त्याच्या जोडीचा कंडेन्सर आहेत. पॉइंटची तोंडं काळी पडलेली असतात. बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि फटीचं माप फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) लावा. प्लग हेडला टेकवून मॅग्नेट झटक्यात फिरवला की निळी, टणक ठिणगी पडायला हवी. पिवळी, मलूल ठिणगी म्हणजे कंडेन्सर बदला.

टाकी सुटी निघत असेल तर काढा. कॉक (पेट्रोलची चावी) काढून भोक बुचाने बंद करा, आत पांढरं व्हिनेगर आणि मूठभर बारीक नट मोजून टाका, आणि हलवा. रात्रभर ठेवा, पुन्हा हलवा. नट मोजून बाहेर काढा. मग खायचा सोडा घातलेल्या पाण्याने आणि नंतर साध्या पाण्याने धुवा, लगेच उन्हात आणि ब्लोअरने खडखडीत वाळवा, आणि त्याच दिवशी थोडं ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवा. एक रात्र कोरडी राहिली तरी नवा तांबूस गंज येतो. टाकीला भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडे तशीच देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ पेट घेते, माणसं भाजतात. हे मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात शिकवत आलो.

पेट्रोलबद्दलही सांगतो. आज पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. तुमची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. पेट्रोलची नळी इथेनॉलला टिकणारी घाला, कार्बोरेटरची गॅस्केटं नवी टाका, आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाण गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. नव्या बोअरला सुरुवातीला थोडं जास्त घाला आणि चढावर पिळू नका.

स्पेअर पार्टसाठी पुण्याची नाना पेठ, आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार. जुना भाग नमुन्याला सोबत न्या. बदललेला मूळ भाग दुकानदाराला देऊन येऊ नका, घरी डब्यात ठेवा.

पैशाचं म्हणाल तर जेवढी तयारी आहे त्याचे दोन भाग करा. एक गाडीला, एक दुरुस्तीला. दुसऱ्या भागाला हात लावल्याशिवाय सौदा होत नसेल तर ती गाडी सोडा. पण ही सोडू नका असं मनापासून वाटतं. पियाजिओच्या 'चाओ'वरून पुण्याच्या कायनेटिकने ही गाडी बनवली, आणि गिअर बदलायचे नाहीत, क्लच दाबायचा नाही म्हणून साडीतल्या शिक्षिका आणि नर्सबाई पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर कामाला जाऊ लागल्या. आमच्या गावच्या शाळेसमोर अशा लूना ओळीने उभ्या असायच्या. त्यातल्या फार थोड्या भंगारातून वाचल्या.

प्रश्न : माझी जुनी मोपेड सकाळी पहिल्या पॅडलला चालू होते. तीन-चार किलोमीटर गेलं की गुदमरून बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. प्लग, कार्बोरेटर सगळं झालं. — एक वाचक, नाशिक

उत्तर : बंद पडली की त्याच जागी टाकीचं झाकण उघडा. 'सुस्स' असा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. सुई घालून मोकळं करा, काम झालं. आवाज आला नाही तर तिथेच प्लग काढून ठिणगी बघा. गरम इंजिनावर ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर कंडेन्सर किंवा कॉईल. आधी कंडेन्सर बदला, तो स्वस्त आहे. थंड असताना गॅरेजमध्ये तपासून हा दोष सापडत नाही, म्हणून प्लगचा पाना डिकीत ठेवा.

प्रश्न : वडिलांच्या लूनाला बॅटरीचं किट बसवावं का? मुलं म्हणतात पेट्रोल कशाला. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : किट बसवायचं तर ते एआरएआयसारख्या, वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं हवं आणि आर.सी.वर तशी नोंद हवी. मान्यता नसलेलं किट बसवून रस्त्यावर आणलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. आणि त्या सांगाड्याचे ब्रेक लहान ड्रमचे आहेत, बॅटरीच्या वजनाचा हिशेब त्यात नाही. मुलांना विजेवरचीच हवी असेल तर २०२४ मध्ये नवी ई-लूना आली आहे, ती दाखवा. वडिलांच्या गाडीचं इंजिन तिथेच राहू द्या. ते चालू आहे की नाही हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. चालू नसेल तर वरचं कराडच्या वाचकाला दिलेलं उत्तर प्लग काढण्यापासून पुढे वाचा, आणि अडलं की पुन्हा लिहा. पत्रासोबत मॅग्नेटच्या बाजूचा एक आणि कार्बोरेटरच्या बाजूचा एक असे दोन फोटो पाठवा.