प्रश्न तुमचे : राब, झाईचे खड्डे आणि पाणवेली

आफ्रिकेत, बांगलादेशात लोक जशी शेती करतात तशी आपल्या नाशिक जिल्ह्यात चालेल का, असे विचारणारी पत्रे या वेळी बरीच आली. त्यांतली पाच घेतली आहेत. दोन उत्तरे लांबली आहेत, कारण ती वाचून कोणी उद्या कुदळ हातात घेईल.

प्रश्न : अल्पविकसित देशांतल्या शेतीचे प्रकार पाठ केले आहेत: स्थलांतरित, सखोल उदरनिर्वाहक, भटके पशुपालन, मळ्याची शेती. पण उदाहरण समोर आले की गोंधळ होतो. ओळखायचे कसे? आणि भारत या देशांत मोडतो का?
(बारावीची विद्यार्थिनी, नाशिकरोड)

शेवटचे आधी. संयुक्त राष्ट्रांनी १९७१ मध्ये अल्पविकसित देशांची यादी सुरू केली. भारत तिच्यात कधीच नव्हता, आपली गणना विकसनशील देशांत होते. इथिओपिया, झांबिया, नायजर, बुर्किना फासो, मादागास्कर ही त्या यादीतली नावे. भूतान डिसेंबर २०२३ मध्ये यादीतून बाहेर पडला.

उदाहरण आले की प्रकाराचे नाव बाजूला ठेवा आणि चार गोष्टी पाहा. पीक घरात जाते की बाजारात? शेतात राबते कोण, घरची माणसे की मजूर? जमिनीला विसावा किती वर्षांचा? आणि बी पडण्याआधी खिशातून किती पैसा जातो? पीक घरात, राबणारे घरचेच, दोन-तीन वर्षे पीक आणि मग कित्येक वर्षे पड, खर्च जवळजवळ नाही: ही स्थलांतरित शेती. तिलाच ईशान्य भारतात झूम, श्रीलंकेत चेना, इंडोनेशियात लदांग, मादागास्करमध्ये तावी म्हणतात. तीच जमीन दरवर्षी कसायची, इंचन्‌इंच वापरायची, माणसांचे श्रम भरपूर ओतायचे आणि बहुतेक धान्य घरीच खायचे, ही सखोल उदरनिर्वाहक शेती. इगतपुरीची जुनी भातखाचरे या प्रकारात बसतात. मोठ्या क्षेत्रावर एकच पीक, मजुरांच्या हाताने आणि दूरच्या बाजारासाठी, ही मळ्याची शेती.

विद्यार्थी फसतात ते क्षेत्रफळ पाहून. शेत लहान म्हणजे उदरनिर्वाहाची शेती, असा नियम नाही. इथिओपियाची बहुतेक कॉफी छोट्या शेतकऱ्यांकडून येते आणि तिचा मोठा भाग परदेशी जातो. आपल्याकडेही दिंडोरीतली दोन एकरांची द्राक्षबाग पाहा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, औषधे, मजूर, सगळ्याला पैसा लागतो आणि माल सगळा विकला जातो. ती पूर्ण व्यापारी शेती आहे. उत्तरपत्रिकेत हे एक उदाहरण लिहा, परीक्षकाला कळेल की पाठांतर नाही.

प्रश्न : आम्ही नागली (नाचणी) आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजतो, म्हणजे पाला-शेण रचून रोपवाटिकेची जमीन भाजतो. हल्ली येणारा प्रत्येक साहेब म्हणतो, ही मागासलेली पद्धत, सोडा. जगात दुसरे कोणी असे करते का? आणि सोडायचे तर रोपे वाढवायची कशी?
(शेतकरी, पेठ तालुका)

करतात, आणि तेही नागलीसाठीच. झांबियाच्या उत्तर भागात बेंबा लोकांची चितेमेने नावाची पद्धत आहे. पुरुष झाडांवर चढून फांद्या छाटतात, बुंधा राखतात. बायका त्या वाळलेल्या फांद्या ओढून एका तुकड्यावर रचतात. जितक्या जागेत पीक घ्यायचे त्याच्या कित्येक पट जागेतल्या फांद्या तिथे येतात. पावसाच्या तोंडावर ढीग पेटवतात आणि राखेत नागली पेरतात. नागली हे धान्य मुळात पूर्व आफ्रिकेच्या उंच भागातले, तिथूनच ते भारतात आले. पेठ-सुरगाण्याचा राब आणि चितेमेने यांचे तत्त्व एकच आहे: मोठ्या रानाचे कस एका छोट्या तुकड्यावर आणायचे. फरक इतकाच की ते शेतच भाजतात, तुम्ही फक्त रोपवाटिका. म्हणजे तुमची पद्धत जास्त काटकसरीची आहे.

'मागासलेली' म्हणणाऱ्यांनी आधी राब काय करतो ते समजून घ्यावे. खाली शेण आणि पालापाचोळा, वर कवळ म्हणजे झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, त्यावर गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. हा मातीचा थर आगीला धुमसत ठेवतो. भडका उडाला तर उष्णता वर निघून जाते आणि जमीन तापत नाही. नीट धुमसलेल्या राबात वरच्या मातीतले तणाचे बी मरते. राखेतून पालाश आणि चुना मिळतो, थोडे स्फुरदही मिळते, आणि अतिपावसाच्या जमिनीचा आंबटपणा कमी होतो. रोप हिरवेगार आणि निर्मळ येते ते यामुळे.

तोटेही खरे आहेत. नत्र आणि गंधक धुरात जातात. शेतात पडले असते तर वर्षभर पुरले असते असे शेण जळते. ऐनाची तीच झाडे दरवर्षी छाटली की फुटवा बारीक होत जातो, आणि एखाद्या दुपारी वारा फिरला की आग डोंगरावर चढते. चितेमेनेचीही अडचण हीच. छाटलेले रान परत भरायला वीस-पंचवीस वर्षे लागतात, आणि माणसे वाढल्यावर तेवढी वाट पाहता येत नाही.

पर्याय गादीवाफ्याचा. एक एकर भातासाठी ४ गुंठे रोपवाटिका धरा. वाफा १ ते १.२ मीटर रुंद, १० ते १५ सेंमी उंच, दोन वाफ्यांत पाणी निघायला चर. चांगले कुजलेले शेणखत आणि भाताच्या तुसाची काळी राख, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, वरच्या मातीत मिसळा. घोटीच्या भातगिरण्यांत अशी राख मिळते का ते आधी विचारून ठेवा. बी ओळीत आणि उथळ टाका.

नुसते गादीवाफे करून राब सोडणारे मात्र पहिल्याच वर्षी तणाने हैराण होतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत काडी लावतात. सल्ला देणारे बहुतेक वेळा तणाबद्दल बोलतच नाहीत. भाजण्याचे काम उन्हाकडून करून घ्यावे लागते. वाफ्याची जागा भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा, कडा मातीत गाडा, आणि सहा आठवडे हात लावू नका. काळे प्लास्टिक चालत नाही, त्याखाली माती तेवढी तापत नाही. कोरड्या मातीतही फळ मिळत नाही, कारण ओलीमुळेच उष्णता खोलवर उतरते आणि भिजलेले बी लवकर मरते. मे महिन्यात तुमच्याकडे प्यायला पाणी नसते हे माहीत आहे. म्हणून मार्चमध्ये, ओहोळाला पाणी असतानाच जागा भिजवा आणि झाका. प्लास्टिक काढल्यावर खोल नांगरू नका, नाहीतर खालचे जिवंत बी वर येते.

पहिल्या वर्षी अर्धी रोपे राबावर आणि अर्धी गादीवाफ्यावर करा. आवणीच्या, म्हणजे रोपे लावण्याच्या वेळी दोन्हीकडची मूठ-मूठ रोपे उपटून मुळे शेजारी शेजारी धरून पाहा आणि मग ठरवा. वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवरचा तुमचा क्रम मात्र मोडू नका. पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी आणि त्यानंतर पड, हा क्रम त्या उतारासाठी योग्यच आहे.

प्रश्न : मोबाइलवर आफ्रिकेतल्या खड्ड्यांच्या शेतीचा व्हिडिओ पाहिला. ओसाड जमीन हिरवी झाली म्हणतात. आमच्याकडे तीन एकर मुरमाड माळ आहे. जेसीबीने खड्डे घेऊ का?
(शेतकरी, सिन्नर तालुका)

जेसीबी आणू नका. का ते पुढे येईलच.

ही पद्धत बुर्किना फासोची, नाव झाई. यातेंगा भागातले याकुबा सावादोगो यांनी १९८० च्या सुरुवातीच्या दुष्काळात जुन्या छोट्या खड्ड्यांना रुंद आणि खोल केले आणि त्यांत खत घातले. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, २०२३ मध्ये ते वारले. तिथली जमीन वरून इतकी घट्ट होते की पाऊस पडला तरी पाणी आत न जाता वाहून जाते. खड्डा ते पाणी अडवतो. दुसरे काम वाळवी करते. शेणखताला ती येते आणि जमिनीत बारीक बोगदे करते. मग पाणी खाली मुरते.

माप असे: तोंड २० ते ४० सेंमी, खोली १० ते २० सेंमी. म्हणजे खड्डा घमेल्याएवढा. जेसीबीचा बकेट यापेक्षा कितीतरी मोठा, तो खालचा निर्जीव मुरूम वर आणून टाकतो. दोन खड्ड्यांत ८० सेंमी अंतर ठेवले तर एकरात सुमारे ६,३०० खड्डे बसतात. ओळी उताराला आडव्या, आणि पुढच्या ओळीतला खड्डा मागच्या दोन खड्ड्यांच्या मधोमध. निघालेली माती खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखी लावायची. वरच्या अंगाला लावली तर येणारे पाणीच अडते, आणि नवखे हमखास तिथेच चुकतात.

खड्ड्याला अर्धा किलो शेणखत म्हटले तरी एकराला तीन टनांवर जाते. एका खड्ड्याला पाच मिनिटे धरली तर ५२५ तास होतात. रोज सहा तास खोदणाऱ्या एका माणसाचे जवळजवळ तीन महिने! व्हिडिओत हा हिशेब नसतो. खत नसेल तर खोदूच नका. नुसते पाणी मिळालेल्या मेलेल्या मुरमात बाजरी वीतभर येते आणि पिवळी पडते.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. अर्धवट कुजलेले शेण घातले तर हुमणी ही अळी येते आणि मुळे खाते, म्हणून खत पूर्ण कुजलेले, हातात भुरभुरणारे हवे. खड्डे मार्च-एप्रिलमध्ये घ्या, मेअखेर खत आणि थोडी माती मिसळून निम्मे भरा. पहिला चांगला पाऊस झाल्यावर खड्ड्यात बाजरीचे सहा-आठ दाणे २ ते ३ सेंमी खोल टाका आणि नंतर विरळणी करून तीन रोपे ठेवा. कडेला तुरीचे दोन दाणे चालतील.

झाई ३०० ते ८०० मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यातली आहे. सिन्नर, येवला, नांदगावचे माळ त्यात बसतात, इगतपुरी बसत नाही. काळ्या जमिनीत हे करूच नका, खड्ड्यात पाणी साचून मुळे कुजतात. माळाच्या वर डोंगर असेल तर आधी समपातळीत दगडांची रांग लावा, नाहीतर एका वळवाच्या पावसात सगळे खड्डे गाळाने भरतील.

या वर्षी फक्त एक गुंठा करा. म्हणजे १५८ खड्डे. शेजारच्या गुंठ्यात नेहमीसारखी पेरणी करा आणि काढणीला दोन्हीकडची कणसे वेगळी तोला.

प्रश्न : रानात मेंढरे बसवणे फायद्याचे, की नुसती जुनी चाल?
(शेतकरी, निफाड तालुका)

फायद्याचे आहे. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात फुलानी गुराखी बाजरीच्या काढणीनंतर अशीच जनावरे रानात बसवतात. ताटे जनावरांना, खत शेतकऱ्याला. लेंडीइतकाच मुताचा उपयोग असतो आणि ते नेऊन टाकता येत नाही, म्हणून जनावर रानातच बसायला हवे. धनगर बांधवांना सांगून वाघर (मेंढरांभोवतीचे जाळ्याचे कुंपण) एक-दोन रात्रींनी हलवायला लावा. कळप उठला की लगेच पाळी घाला, म्हणजे वखराने खत मातीत मिसळा, उशीर झाला तर नत्र हवेत उडते. आणि कोबी, टोमॅटो किंवा कांद्यावर नुकतीच फवारणी झाली असेल तर ती गोष्ट आधी सांगा. त्यांची जनावरे मरतील, आणि ती त्यांची सगळी पुंजी असते.

प्रश्न : बांगलादेशात पाणवेलींवर (जलपर्णीवर) तरंगती शेती होते. गोदावरी पाणवेलींनी भरली आहे. आपल्या बचत गटाने करून पाहावी का?
(वाचक, पंचवटी)

दक्षिण बांगलादेशात गोपालगंज, पिरोजपूर, बारीसाल या भागांत पाणवेलींचे थर एकावर एक रचून, तुडवून, दोन-तीन फूट जाडीचे तरंगते वाफे करतात. ते कुजू लागले की वर भेंडी, वेलभाज्या, पालेभाज्या आणि हळद लावतात. पाणी ओसरल्यावर कुजलेला वाफा शेतात खत म्हणून पसरतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१५ मध्ये या पद्धतीला कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

पण तिथले पाणी महिनोन्‌महिने संथ असते. गोदावरीला गंगापूर धरणाचा विसर्ग आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागते. वाफे रामकुंडापाशी थांबणार नाहीत. दुसरे म्हणजे शहरात पाणवेली वाढतात त्या सांडपाण्यावर, आणि त्यांची मुळे पाण्यातले जड धातू शोषतात. त्यावर वाढलेली मेथी कोणाला खायला घालू नका. खाली नांदूर मध्यमेश्वरला करू म्हणाल, तर ते पक्षी अभयारण्य आहे आणि रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. तिथे हे चालणार नाही.

खत मात्र करता येईल, फक्त फुलझाडांसाठी आणि सावलीच्या झाडांसाठी. पाणवेलीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते, म्हणून आधी दोन-तीन दिवस उन्हात सुकवा. मुळे छाटून वेगळी टाका. मग एक थर पाणवेली, एक थर वाळका पाला, वर शेणकाला, असा कमरेएवढा ढीग रचा. ओल्या पाणवेलींचा नुसता ढीग सडतो आणि घाण वास येतो. ढीग आतून हात पोळेल इतका तापला पाहिजे. दर १५ दिवसांनी वरखाली केला तर तीन महिन्यांत खत होते. ढीग ओढ्याच्या, पाटाच्या किंवा शेततळ्याच्या जवळ लावू नका. एक हिरवा कोंब पाण्यात गेला तरी पुढच्या पावसाळ्यात तेही तळे झाकले जाईल.