पायातून पंप जातो, मग बाबांची छाती कशाला उघडायची?

प्रश्न : सर नमस्कार, बाबा ६४ वर्षांचे आहेत, दोन अटॅक येऊन गेलेत, पंपिंग २० टक्क्यांवर आलंय. डॉक्टर म्हणतात एलव्हीएडी बसवा, म्हणजे छाती उघडून पंप. पण आमच्या शेजारच्या काकांना मांडीतून नळी घालून पंप लावला होता, पाच दिवसांत काढला पण. तोच बाबांना कायमचा का नाही बसवत?
– एक वाचक, मिरज

उत्तर : अगदी मुद्द्याचं विचारलंत, पंप डिझाइन करणारे आम्ही लोक कित्येक वर्षं यावरच डोकं खाजवतोय. काकांना बहुतेक इम्पेलासारखा पंप लावला असणार. ही कल्पना मूळ रिचर्ड वॉम्प्लर या डॉक्टरांची, १९७६ मध्ये इजिप्तला गेले असताना त्यांनी हाताने स्क्रू फिरवून पाणी वर चढवताना बघितलं आणि तेच डोक्यात बसलं, १९८८ मध्ये त्यांचा हेमोपंप पेशंटला लागला सुद्धा.

म्हणजे आत घालणं जमलंय हो, खरी गोची आत राहण्यात आहे. मांडीतून जायचं तर पंप पाच मिलिमीटरच्या आत हवा, आणि एवढ्याशा पंपाने मिनिटाला तीन-चार लिटर रक्त ढकलायचं तर तो मिनिटाला ४६,००० फेऱ्यांपर्यंत फिरवावा लागतो. त्यात लाल पेशी फुटतात. आयसीयूतली सिस्टर लघवीच्या पिशवीचा रंग सारखा बघत असते ना, ते यासाठीच, कोऱ्या चहासारखा दिसला की डॉक्टरांना बोलावते. शिवाय मोटरमध्ये रक्त शिरू नये म्हणून बाहेरून ग्लुकोजचं पाणी सतत सोडावं लागतं आणि नळी मांडीत, त्यामुळे माणूस बेडवरच. पाच दिवस चालतं, पाच वर्षं कसं चालणार?

बाबांना सुचवलाय तो हार्टमेट ३ सारखा असेल. त्याचं चाक चुंबकावर तरंगतं, कशालाच घासत नाही, पेशींना जायला ऐसपैस जागा, म्हणून मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेऱ्यांत भागतं. तरी वर्षाला २९० कोटींच्या आसपास फेऱ्या होतात, आपला घरचा मिक्सर आठवून बघा! मोठ्या अभ्यासात हा पंप लावलेले ५८ टक्के पेशंट ५ वर्षांनी जिवंत होते.

बारीक करायचे प्रयत्न चालूच आहेत. छत्रीसारखी पाती मिटवून आत न्यायची आणि तिथे उघडायची, पण वर्षानुवर्षं ठेवायचं म्हटलं की सांध्यात आणि घड्यांत रक्त साचून गुठळी होण्याची धास्ती. दुसरं म्हणजे सगळं काम पंपाने करायचंच नाही, हृदयाला फक्त दोन-तीन लिटरचा हातभार द्यायचा. सिनर्जी नावाचा पेन्सिल सेलएवढा पंप असाच होता, कॉलरबोनखाली बसायचा, बाजारात टिकला नाही पण माझ्या मते दिशा तीच बरोबर.

आणि वायर! पंप कितीही बारीक करा, करंटची वायर पोटातून बाहेर येतेच आणि तिथेच इन्फेक्शन होतं. कातडीवरून कॉइलने वीज पोचवायची धडपड बरीच जुनी आहे, पण ती अजून रोजच्या वापरात नाही.

डॉक्टरांना विचारा, मधलं हाड न कापता बरगड्यांमधून बसवता येईल का, काही पेशंटना तसं करतात. आणि त्या वायरच्या जागेचं ड्रेसिंग घरी कोण करणार ते आत्ताच ठरवा, ऑपरेशननंतर नको.